‘कुणबिणी असामी ५’: या एका ओळीचं पुढे काय करायचं

कोल्हापूरजवळच्या एका गावातून, शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आजोळच्या वाड्याचा माळा साफ करताना मोडी कागदांचं गाठोडं मिळालं. त्यातला एक कागद त्यांनी वाचून घेतला. वर ‘कुणबिणी असामी ५’, खाली पाच बायकांची नावं, प्रत्येकीपुढे धान्याचं माप. तिसऱ्या ओळीपुढे वेगळ्या शाईत ‘पळाली’ असा शेरा. वाचून देणाऱ्यांनी सांगितलं, या शेतावर येणाऱ्या कुणबी समाजाच्या बायका असाव्यात. आजी मात्र म्हणायच्या की वाड्यात पूर्वी विकत घेतलेल्या बायका होत्या. मग या बायका कोण? त्यांच्याबद्दल आणखी काही कळू शकेल का?

ताई, तुमच्या आजी बरोबर सांगत होत्या असं मला वाटतं. का वाटतं ते आधी सांगतो. त्यातूनच पुढचा रस्ता दिसेल.

‘कुणबीण’ या शब्दाला जुन्या मराठीत दोन अर्थ आहेत. एक, कुणब्याची बायको, कष्टकरी शेतकरी बाई. दुसरा, घरात किंवा सरकारात ठेवलेली गुलाम बाई. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हे दोन्ही अर्थ आहेत. दुसऱ्या अर्थाचं कुणबी या जातीशी नातं असेलच असं नाही. अठराव्या शतकातल्या हिशेबी कागदांत ‘कुणबीण’, ‘बटीक’ आणि ‘दासी’ हे शब्द गुलाम बाईसाठी येतात, पुरुषांसाठी बहुधा ‘पोरगा’ किंवा ‘गुलाम’ येतो. आज दुसरा अर्थ आपल्या कानावरून गेला आहे. त्यामुळे मोडी उत्तम वाचणारा माणूसही इथे अडखळतो. मी स्वतः या कामाला लागलो तेव्हा सुरुवातीची दोन वर्षं प्रत्येक ‘कुणबीण’ शेतमजूर म्हणूनच टिपत होतो. पुढे एका घराण्याच्या जमाखर्चात त्याच शब्दापुढे खरेदीची किंमत मांडलेली दिसली आणि मागच्या सगळ्या वह्या पुन्हा उघडाव्या लागल्या. त्या दोन वर्षांत माझ्या हातून किती बायका निसटल्या असतील याची खंत मला अजून आहे.

मग तुमच्या कागदात कोणता अर्थ? तुम्ही पाठवलेल्या मजकुरात चार खुणा आहेत. नावापुढे नवऱ्याचं, बापाचं किंवा गावाचं नाव नाही. पैशात मजुरी नाही, धान्याचं माप आहे. पाचही जणी एका मथळ्याखाली ‘असामी’ म्हणून मोजल्या आहेत, म्हणजे त्या घराच्या कायमच्या खर्चाचा भाग आहेत. आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे तिसऱ्या ओळीतला तो शेरा. रोजानं येणारी बाई काम सोडते, येईनाशी होते. ‘पळाली’ असं तिच्याबद्दलच लिहितात जिच्यावर कुणाचा तरी ताबा असतो.

फक्त हा शब्द आणखी एका जाणत्याकडून वाचून घ्या. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून खाली सलग लिहीत जातात, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पुसट अक्षरात ‘पावली’ हा शब्द ‘पळाली’ म्हणून वाचला जाऊ शकतो, आणि ‘पावली’ म्हणजे ‘मिळाली’ हा तर हिशेबातला रोजचा शब्द. वेगळी शाई आहे, एकाच ओळीपुढे शेरा आहे, म्हणून माझा कौल ‘पळाली’कडेच आहे. पण एका बाईचं आयुष्य त्या एका शब्दावर टेकणार असेल तर दोन जोड्या डोळ्यांनी तो पाहिलेला बरा.

आता या बायका कुठून येत असत ते. पेशवाईच्या काळातले कागद चार-पाच वाटा दाखवतात. मोहिमेत, मुलुखगिरीत धरून आणलेल्या बायका आणि मुलं. दुष्काळात पोटासाठी आईबापांनी किंवा नातलगांनी विकलेल्या मुली. लमाणांसारख्या फिरत्या व्यापाऱ्यांनी दूरच्या मुलुखातून आणून विकलेल्या. ‘शिंदळकी’चा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप ठेवून सरकारनं शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या. आणि कुणबिणीच्या पोटी जन्मलेली मुलं, ज्यांना ‘लेकवळे’ म्हणत. सरकारी कुणबिणी किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागेत, थट्टीत म्हणजे गुरांच्या गोठ्यात, मुदपाकखान्यात राबत. दळण, कांडण, शेण-झाडलोट, बांधकाम असेल तेव्हा चुन्याचं काम. सरकार या बायका सरदारांना, कारकुनांना बक्षीस म्हणून देतही असे. सरदार-सावकारांच्या वाड्यांतही त्या असत. तुमचा कागद त्या वाड्यांतला दिसतो.

‘शिंदळकी’ या शब्दाबद्दल मुद्दाम सांगतो. कागदात तो आला म्हणजे त्या बाईनं तसं केलं, असं समजू नका. तो सरकारचा आरोप आहे. त्यात कितीतरी विधवा असत, सासरी-माहेरी थारा नसलेल्या असत. आपल्या टिपणात ‘आरोप’ एवढाच शब्द लिहावा.

हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. आपल्याकडे हे नव्हतं, असं लोक मला व्याख्यानानंतर येऊन सांगतात. पानिपतानंतर १७६१ मध्ये आपल्याकडची हजारो बायका-मुलं अफगाणांनी गुलाम म्हणून नेली, हे आपल्या लक्षात राहिलं आहे. आपल्याच कोठीत दळणाऱ्या बाईचं मात्र राहिलं नाही. शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या स्वारीत १६७७ साली डचांना जो कौल, म्हणजे लेखी परवाना, दिला त्यात पुरुष वा बायका गुलाम म्हणून विकत घेण्याची, समुद्राकडे नेण्याची मनाई केली. त्या कौलात असंही म्हटलं आहे की आधीच्या राजवटीत डचांना ही मोकळीक होती. म्हणजे व्यापार चालत होता, आणि तो बंद करावा असं वाटणारा राजाही होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढच्या शतकातले कागद वाचताना दोन्ही डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

आता मुख्य काम. तुमच्या हातात जे आहे ते माप आहे, आणि ज्या बाईला आडनाव नाही, गाव नाही, तिचा माग काढायला माप हाच सगळ्यांत भरवशाचा धागा आहे. कारकुनाला तिच्या सुखदुःखाशी देणंघेणं नव्हतं, पण धान्य किती गेलं याचा जाब त्याला द्यावा लागे. म्हणून तिच्याबद्दल इतरत्र काही नसलं तरी तिच्या पोटात गेलेल्या धान्याची नोंद सापडते.

एक नमुना देतो. तो खरा कागद नाही, समजावण्यासाठी मी जुळवलेला आहे. समजा एका वर्षाच्या यादीत एका नावापुढे पूर्ण माप आहे आणि त्याला लागून ‘मूल १’ म्हणून अर्ध्याहून कमी माप आहे. दोन वर्षांनी त्याच नावापुढे मूल नाही. आणखी सहा-सात वर्षांनी यादीच्या शेवटी एक नवं नाव लागलं, माप मोठ्या माणसापेक्षा थोडं कमी. यातून काय निघतं? मुलाची ओळ गेली, म्हणजे मूल दगावलं असेल, विकलं असेल, दुसऱ्या घरी दिलं असेल किंवा दुसऱ्या मथळ्याखाली गेलं असेल. शेवटचं नवं नाव तेच मूल मोठं होऊन कामाला लागलं असं मानण्याचा मोह होतो. तसं लगेच मानू नये. त्या वर्षाच्या खर्चात खरेदीची रक्कम आहे का पाहावं. रक्कम असेल तर ती नवी आणलेली मुलगी. नसेल, आणि मधल्या वर्षांत मुलाचं माप दुसऱ्या पानावर सापडलं, तर तेच मूल असण्याची शक्यता वाढते. हे काम वेळ खातं. एका पानावर दोन-दोन संध्याकाळी जातात.

माप वाचताना परिमाणं सांभाळा. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी हे बहुतेक ठिकाणी सारखं, पण मणाच्या पायल्या कुठे बारा, कुठे सोळा. आपल्या वाड्याच्या हिशेबात कोणता मण चालत होता ते एखाद्या बेरजेवरून तपासून घ्या. बेरीज जुळली की परिमाण कळलं. धान्य कोणतं लिहिलं आहे तेही टिपा. वाड्यातल्यांसाठी भात आणि या पाच जणींसाठी नाचणी असं दिसलं तर तो फरक तुमच्या लेखनात आलाच पाहिजे. मापाबरोबर लुगड्यांचा खर्च शोधा. कापडाच्या खर्चात वर्षाला किती लुगडी, कोणत्या प्रतीची, कोणत्या सणाला, हे सापडतं. यादीत पाच बायका आणि लुगडी चार, असा फरक दिसला तर थांबायचं, कारण त्या एका लुगड्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

आणि तुमची तिसरी ओळ. वार्षिक हिशेबात बहुधा मुदत लिहिलेली असते: इस्तकबिल म्हणजे अमुक तारखेपासून, तागाईत म्हणजे तमुक तारखेपर्यंत. दोन्ही शब्द आखडते घेऊन एकेका अक्षरावर आणलेले असतात. बाकी चौघींचं माप वर्षाचं आणि तिचं चार महिन्यांचं असेल तर ती केव्हा गेली ते जवळजवळ दिवसापर्यंत कळतं. तिथून महिना काढा. पावसाळ्यात गेली की सुगीत, यात्रेच्या दिवसांत की घरात लग्नकार्य असताना, हे कळलं तर ती कशी निसटली असेल याचा विचार करता येतो. विचार करता येतो एवढंच म्हणतो. तसं घडलं, असं लिहिता येत नाही.

तारखेसाठी थोडं गणित लागेल. या कागदांत दिवस ‘छ’ म्हणजे चंद्र असा हिजरी महिन्याचा असतो आणि वर्ष सुहूर सनात, तेही अरबी अंकशब्दांत. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७७. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७७६-७७. नेमक्या दिवसासाठी जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवणारं कोष्टक, लागते, आणि ती आपल्या कोल्हापुरातच तयार झाली आहे. राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १७२८ ते १८८९ या काळाची जंत्री केली. आजही ती उघडल्याशिवाय माझं एकही पान पुढे सरकत नाही.

नावांबद्दल सावध राहा. कुणबिणींची नावं एकेरी आणि ईकारान्त लिहिलेली असतात: गोदी, रखमी, भागी, सगुणी अशी. त्यातली कित्येक नावं घरात आणल्यावर ठेवलेली असू शकतात. आई-बापांनी हाक मारलेलं नाव कागदापर्यंत पोचत नाही. म्हणून दोन वर्षांच्या याद्यांत एकच नाव दिसलं म्हणजे बाई तीच असं नाही. गेलेलीचं नाव नव्या मुलीला लागू शकतं. यादीतला क्रम, माप, मूल आणि ‘निसबत’ हे चारही जुळले तरच तीच म्हणा. ‘नि।।’ असं दिसेल तो निसबत, म्हणजे अमक्याकडची. ‘दि।।’ म्हणजे दिंमत, अमक्याच्या ताब्यातली. ही दोन अक्षरं नजरेतून सुटतात आणि मालक कोण हे तेवढ्यातच लिहिलेलं असतं.

तिच्या मागावर वाड्याबाहेर कुठे जायचं? पळालेल्या कुणबिणींचा शोध घेतला जाई. ठाण्यांना, शेजारच्या अंमलदारांना पत्रं जात. आपल्या भागाचा नकाशा इथे कामी येतो. वारणेच्या १७३१ च्या तहानंतर वारणा नदी ओलांडली की साताऱ्याचा, पुढे पेशव्यांचा अंमल. घाट उतरला की सावंतवाडी, त्यापलीकडे पोर्तुगीज. करवीर म्हणजे कोल्हापूरच्या राज्यातच बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी, कागलचे घाटगे, कापशीचे सेनापती असे जहागीरदार, प्रत्येकाचं दप्तर वेगळं. पळून जाणाऱ्या माणसाला एवढ्या सरहद्दी जवळ असणं ही एक वाटच होती. आणि सरहद्द ओलांडली की पत्रव्यवहार होतो, म्हणून आपल्यालाही वाट मिळते.

पहिली जागा कोल्हापूरचं पुराभिलेखागार. करवीर दरबाराची दप्तरं तिथे आहेत. पण तिथे जाऊन ‘गुलामांचे कागद दाखवा’ म्हणालात तर रिकाम्या हाती परत याल. असा मथळा कुठल्याही यादीत नाही. मथळे आहेत ते कोठी, पागा, थट्टी, मुदपाक, किल्ल्यांचे झाडे म्हणजे मोजदादीचे कागद, जकात, न्यायनिवाडे असे. त्या त्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, ही माणसं आहेत. जकातीचे कागद विशेष पाहा, कारण माणसाच्या खरेदी-विक्रीवरही जकात घेत. शेजारी ज्या संस्थानांशी तुमच्या आजोळाचा संबंध होता त्यांचे छापलेले कागद पाहा. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद छापले, करवीर घराण्याची साधनं मा. वि. गुजरांनी खंडांत काढली. पुण्याचं पेशवे दफ्तर तर समुद्र आहे. त्यातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसायांनी ४५ खंडांत छापले, पण ती निवड राजकारणासाठी होती. कोठीच्या हिशेबाला त्यात जागा फारशी मिळाली नाही. तुम्हाला लागणारं पान बहुधा न छापलेल्या रुमालातच असेल.

न्यायनिवाड्यांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तिथे कधी कधी या बायका बोलताना ऐकू येतात. घरात पाणी भरणारी, स्वयंपाकाला हातभार लावणारी कुणबीण ‘स्पृश्य’ जातीचीच हवी असा दंडक होता. एखादी बाई वर्षानुवर्षं घरात राबली, आणि मग ती अस्पृश्य जातीतली असल्याचं कळलं की गहजब होई. घरातल्यांना प्रायश्चित्त, विकणाऱ्याची चौकशी, आणि त्या चौकशीत तिला विचारलं जाई: तू कुठली, आईबाप कोण, कुणी आणली, कुणाला विकली. जन्मभर जिला कुणी काही विचारलं नाही, तिची हकीकत कागदावर येते ती घर ‘बाटलं’ म्हणून. हे वाचताना दर वेळी मला थांबावं लागतं. त्यातली उत्तरं अर्थातच धास्तावलेल्या बाईची आहेत, कारकुनाच्या भाषेत उतरलेली. तरी गावाचं नाव, नदी, आईचं नाव असं काही त्यात येतं, आणि ते दुसरीकडे कुठे येत नाही.

सुटकेचेही कागद आहेत. म्हातारपणामुळे सोडलेल्या, नातलगांनी बदली बाई देऊन सोडवलेल्या. बदली बाई म्हणजे काय ते लक्षात घ्या: एक सुटली ती दुसरी अडकली म्हणून. दोघींचीही नोंद करा.

एकोणिसाव्या शतकात आलात की शब्द पातळ होत जातात. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्यानं कंपनीच्या कोर्टांनी माणसावरची मालकी मान्य करणं थांबवलं, पण गुलाम बाळगणं गुन्हा ठरवला नाही. गुलामाची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेनं, जी १८६२ पासून लागू झाली. तेही ब्रिटिश अमलातल्या मुलखात. कोल्हापूर संस्थान होतं, इथे हे कायदे आपोआप लागू नव्हते. त्यामुळे तुमच्या कागदांत ‘१८४३ नंतर कुणबिणी नाहीत’ असं मानून शोध थांबवू नका. ‘कुणबीण’ जाऊन ‘बाई’, ‘चाकर’, ‘आश्रित’ असे शब्द येऊ लागतात का, आणि माप तेच राहतं का, हे पाहा. शब्द बदलला आणि माप, लुगडं, राहण्याची जागा काहीच बदललं नाही, तर बाईची स्थिती बदलली असं म्हणायला आधार राहत नाही. किल्ल्यांच्या बाबतीत मात्र १८४४ ही खरोखरची रेघ आहे. गडकऱ्यांचं, म्हणजे गडांवरच्या पिढीजात शिपायांचं, बंड मोडल्यावर गडांची तटबंदी पाडली, ती पिढीजात शिबंदी मोडली. त्यापुढच्या काळासाठी गडांचे झाडे चाळण्यात वेळ घालवू नये.

त्याऐवजी वारशाचे दावे पाहा. दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत वाटा मिळतो का, हा प्रश्न धर्मशास्त्रात आहे आणि कोर्टांतही आला. शूद्र मानलेल्या घरांत त्याला काही हक्क होता, इतरांत पोटगीपुरता. अशा दाव्यात आई कोण, कधी आली, घरात तिचं स्थान काय, यावर साक्षी होतात. मालमत्ता वाटताना सगळं घर बोलतं. घरगुती कागदांत ‘अक्करमाशे’ हा शब्दही दिसेल. बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी, म्हणजे कुळात कमी धरलेला. त्या शब्दामागे बहुधा एक आई असते, वंशावळीत जिला जागा दिलेली नसते. आपल्याकडे शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळीची चाल बंद करणारा कायदा केला. तो प्रश्न वेगळा आहे, पण अनौरस ठरवलेल्या लेकरांचं काय, हा धागा तिथपर्यंत येतो.

वेठबिगार किंवा वतनी चाकरी यांच्याशी कुणबिणींची गल्लत मात्र करू नका. वेठ ही सक्ती होती, अन्याय होता, पण वेठीला गेलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या माणसांत परतत असे. कुणबिणीला घर आणि माणसंच तोडून आणलेलं असे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अमेरिकेत निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्यांना ते अर्पण केलं, तेव्हापासून मराठीत हा शब्द जातीच्या दास्यासाठी रुजला. त्याचं मोल मोठं आहे. फक्त त्यामुळे कागदात खरीखुरी विकत घेतलेली बाई समोर आली तरी आपल्याला ती शब्दशः गुलाम वाटत नाही.

आजी हयात असतील तर त्यांच्याशी बोलायला उशीर करू नका, नसतील तर त्यांच्या पिढीतल्या कुणाशी. ‘वाड्यात गुलाम होत्या का’ असं विचारलंत तर नाहीच म्हणतील. वस्तूंवरून विचारा. मोठं जातं कुठे होतं, दळायला कोण बसायचं, त्या कुठे निजायच्या, कोणत्या भांड्यात जेवायच्या, त्यांच्या ओव्या कुणाला येत होत्या का, मेल्यावर कुणी पाणी दिलं. परसाकडच्या खोलीला काही नाव होतं का, हेही विचारा. वाड्याच्या खोल्यांची नावं माणसांपेक्षा जास्त टिकतात. उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत, बोलीसकट उतरवून घ्या आणि तारीख घाला. कागदाशी जुळलं नाही तरी दुरुस्त करू नका. दोन्ही शेजारी राहू द्या.

यातून आज गावात असलेल्या एखाद्या घराचा संबंध निघाला, तर तो तुमच्या टिपणाबाहेर जाऊ देऊ नका. ज्यांच्या पणजीबद्दल हे आहे त्यांना आधी भेटा, कागद दाखवा, त्यांना काय हवं ते विचारा. गावात अशा गोष्टीवरून सोयरिक मोडते. संशोधन पूर्ण करण्याचा हक्क त्याहून मोठा नाही, असं मी मानतो. माझ्याकडे अशा दोन घरांची टिपणं आहेत, ती त्यांनी सांगितल्यावरून मी बंद करून ठेवली आहेत.

लिहिताना कल्पनेनं भर घालू नका. ‘ती अंधाऱ्या रात्री निघाली’ असं वाक्य लिहावंसं वाटेल. अंधार होता की नाही हे आपल्याला माहीत नाही. कागदात आहे ते एका रंगात, तुमचा अंदाज दुसऱ्या रंगात, आणि जे कळलं नाही त्यासाठी कोरी ओळ, अशी वही ठेवा. कोऱ्या ओळी जास्त निघतील. आणि वहीत तिला ‘एक कुणबीण’ म्हणू नका. नाव आहे, नाव लिहा. कुणी का ठेवलेलं असेना, त्या नावाला तिनं ओ दिली आहे.

कागदांची काळजी दोन वाक्यांत. चिकटपट्टी, लॅमिनेशन, डिंक काहीही लावू नका, आणि गाठोड्यातला क्रम मोडण्याआधी प्रत्येक कागदाचा पुढून-मागून फोटो घेऊन आकडा टाका. ज्या कागदाशेजारी ही यादी होती तो कागद बहुधा त्याच वर्षाचा असतो.

मोडी शिकायला सुरुवात करा. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि शाळेत शिकवणाऱ्या माणसाला वर्षभरात हिशेबी मोडी येते. साहित्य वाचायला वेळ लागतो, हिशेबाचे शब्द ठरावीक असतात.

तूर्त इतकं करा. यादीच्या पानाची पाठ तपासा. बेरीज आणि मुदत पुष्कळदा मागे असते. तिसऱ्या ओळीच्या मापापुढे ‘तागाईत’ची तारीख आहे का ते वाचून घ्या. नंतर गाठोड्यात पुढच्या वर्षाची यादी शोधा, आणि तिथे असामी चार आहेत की पुन्हा पाच, ते मला कळवा. पाच असतील तर पाचवं नाव कोणतं आणि त्या वर्षी खरेदीचा खर्च पडला आहे का, तेही पाहा. चार असतील तर ठाण्यांना गेलेल्या पत्रांच्या रुमालापासून आपण सुरुवात करू.